जुन्या गाडीचा परकायाप्रवेश



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां श्रीमंतांच्या छंदाचा वाटेल. जुन्या, नामांकित, शर्यतीच्या जातीच्या गाडीचें पेट्रोलवर चालणारें इंजिन काढावयाचें आणि त्याच्या जागीं विजेची मोटर व बॅटरी बसवावयाची, असा हा उद्योग आहे. गेल्या कांहीं वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंत तो बराच वाढला आहे. परंतु त्यांत यंत्रशास्त्राचे आणि जुन्या वस्तूंच्या जतनाचे असे कांहीं प्रश्न गुंतले आहेत कीं, ज्यांनीं अशी गाडी आयुष्यांत दुरूनही पाहिली नसेल त्यांनाही ते विचार करावयास लावतील. आरंभींच एका शब्दाचा खुलासा करून ठेवतों. आपल्याकडे रस्त्यावर धांवणारें वाहन तेंही ‘मोटार’ आणि विहिरीवर पाणी उपसणारें विजेचें यंत्र तेंही ‘मोटार’च. आजच्या विषयांत तर दोन्ही एकाच ठिकाणीं येतात. तेव्हां वाहनाला मी ‘गाडी’ म्हणेन, आणि ‘मोटर’ हा शब्द विजेनें फिरणाऱ्या यंत्रापुरताच राखून ठेवीन.

उदाहरणासाठीं एकच गाडी घेऊं. १९ मे २०१८ रोजीं इंग्लंडचे राजपुत्र हॅरी आणि त्यांची नववधू विंडसरच्या किल्ल्यांतून सायंकाळच्या मेजवानीसाठीं फ्रॉगमोर हाउसकडे निघालीं, तेव्हां तीं ज्या निळसर रुपेरी, उघड्या छताच्या गाडींत बसलीं होतीं ती १९६८ सालची जग्वार ई-टाइप होती. गाडी जुनी, पण तिचें इंजिन काढून तिच्यांत विजेची मोटर बसविलेली. आदल्याच वर्षीं, म्हणजे २०१७ च्या सप्टेंबरांत, जग्वार कंपनीनें ‘ई-टाइप झीरो’ या नांवानें अशी गाडी लंडनमध्यें प्रथम मांडली होती. या कंपनीशीं आपलाही संबंध आहे. २००८ सालीं ती मुंबईच्या टाटा मोटर्सनें विकत घेतली.

यांत काय काढलें गेलें हें कळण्यासाठीं त्या इंजिनाची जन्मकथा थोडी सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत कॉव्हेंट्री शहरावर बाँब पडत असतां, कारखान्यास आग लागल्यास ती तत्काळ विझवितां यावी म्हणून तेथील मंडळींस आळीपाळीनें रात्रीचा पहारा करावा लागे. कारखान्याचे संस्थापक विल्यम लायन्स आणि त्यांचे अभियंते विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली हे पहाऱ्यावर एकत्र बसत, आणि युद्ध संपल्यावर जें इंजिन करावयाचें त्याचा खल त्या रात्रींत चाले. लायन्स यांचा हट्ट असा कीं, इंजिन जोरदार तर हवेंच, परंतु बॉनेट उघडल्यावर तें देखणेंही दिसलें पाहिजे. त्यांतून सहा सिलिंडरांचें, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट असलेलें ‘एक्स-के’ इंजिन निघालें. १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत तें लोकांसमोर आलें. १९५१ पासून १९५७ पर्यंत फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारनें पांच वेळां जिंकली, ती याच इंजिनाच्या बळावर. १९९२ पर्यंत तें तयार होत होतें. एखाद्या इंजिनास चव्वेचाळीस वर्षांचें आयुष्य लाभणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

१९६१ च्या मार्चमध्यें जिनीव्हा येथें जेव्हां ई-टाइप प्रथम दिसली, तेव्हां तिच्यांत याच इंजिनाची ३·८ लिटरची आवृत्ति होती, आणि तिची शक्ति २६५ अश्वशक्ति असल्याचें कंपनी सांगे. गाडीचा आकार माल्कम सेयर यांनीं ठरविला. ते विमानाच्या कारखान्यांतून आलेले, आणि वक्र रेषा केवळ डोळ्यानें न ओढतां गणितानें काढणारे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९९६ सालीं एक ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहांत घेतली. अशा गाडीच्या पोटांत हात घालावयाचा म्हणजे काय, हें यावरून ध्यानांत येईल.

विजेची गाडी ही नवी कल्पना आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा जी गाडी प्रथम ओलांडून गेली ती विजेचीच होती. २९ एप्रिल १८९९ रोजीं पॅरिसजवळ आशेर येथें कामीय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें बंदुकीच्या गोळीच्या आकाराची आपली गाडी ताशीं १०५·८८ किलोमीटर वेगानें पळविली. गाडीचें नांव मोठें गमतीचें होतें: ‘कधींच तृप्त न होणारी’. पुढें पेट्रोलनें बाजी मारली. पेट्रोलच्या गाडीची एक मोठी अडचण म्हणजे ती हँडल मारून सुरू करावी लागे, आणि तें उलटें फिरलें तर मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीस चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि ती अडचण गेली. पेट्रोलच्या विजयास हातभार विजेनेंच लावला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु पेट्रोलचें खरें बळ त्याच्या सांठवणींत आहे. एक लिटर पेट्रोलमध्यें सुमारें ९ किलोवॅट-तास इतकी ऊर्जा असते. म्हणजे घरांतील एक किलोवॅटची शेगडी नऊ तास पेटती ठेवावी, इतकी. ई-टाइपची टांकी जवळजवळ चौसष्ट लिटरांची. ती काठोकाठ भरली तरी पेट्रोलचें वजन पन्नास किलोच्या आंतच राहतें, आणि तेवढ्यांत सुमारें पावणेसहाशें किलोवॅट-तास ऊर्जा मावते. आतां ‘झीरो’ गाडीची लिथियमची बॅटरी पाहा. ती ४० किलोवॅट-तासांची आहे. आजच्या बॅटऱ्या, त्यांची पेटी वगैरे धरून, दर किलो वजनामागें दीडशें ते दोनशें वॅट-तासांपलीकडे सहसा जात नाहींत. तेव्हां एवढ्या सांठ्यासाठींच दोनशें ते पावणेतीनशें किलो वजन खर्चीं पडतें, आणि पदरांत काय पडलें? साडेचार लिटर पेट्रोलाइतकी ऊर्जा!

येथें श्रोत्यांस वाटेल कीं, मग ही गाडी गल्लीच्या तोंडाशींच थांबत असेल. तसें होत नाहीं. एका भारणांत ती सुमारें २७० किलोमीटर जाते, असें कंपनीनें सांगितलें होतें. साडेचार लिटर पेट्रोलवर मूळची ई-टाइप तीस किलोमीटरांच्या आसपास गेली असती. फरकाचें कारण असें कीं, पेट्रोलच्या इंजिनांत जळलेल्या इंधनाचा फार तर चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोंचतो. बाकीची सर्व उष्णता रेडिएटर व धुराड्यावाटे आकाशांत जाते. मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकीं शेंकडा नव्वदच्या घरांत कामास लावते. शिवाय उतारावर किंवा वेग कमी करतांना तीच मोटर उलट वीज उत्पन्न करून बॅटरींत परत भरते. पेट्रोलची गाडी ब्रेक लावतांना आपली मिळकत उष्णतेच्या रूपानें उधळून टाकते. एक उधळ्या श्रीमंत आणि दुसरा काटकसरी गरीब, असा हा प्रकार आहे.

आतां शस्त्रक्रियेकडे वळूं. ई-टाइपच्या मधल्या भागाची रचना पत्र्याच्या पेटीसारखी असून, पुढें पोलादी चौकोनी नळ्यांची चौकट बोल्टांनीं जोडलेली असते. इंजिन त्या चौकटींत बसतें. जग्वारच्या अभियंत्यांनीं बॅटरी अशी घडविली कीं, तिची लांबी-रुंदी-उंची त्या इंजिनाएवढी आणि वजनही जवळजवळ तितकेंच. ती इंजिनाच्या जागीं बसली. तिच्या मागें, जेथें पूर्वी गिअरची पेटी होती तेथें, २२० किलोवॅटची मोटर बसली. आणि तेथून नव्या दांड्यानें शक्ति मागच्या मूळच्याच डिफरन्शियलकडे गेली. सर्व मिळून गाडी पूर्वीपेक्षां ४६ किलो हलकी झाली. थांबलेल्या स्थितींतून ताशीं शंभर किलोमीटरांपर्यंत पोंचण्यास तिला सुमारें साडेपांच सेकंद लागतात, म्हणजे मूळ गाडीपेक्षां एक सेकंद कमी.

या सर्वांत मला मोल वाटतें तें वेगाच्या आंकड्याचें नव्हे, तर वजनाच्या जागेचें. बैलगाडी हांकणाऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं. ओझें पुढें झालें तर जोखड बैलांच्या मानेवर बसतें, मागें झालें तर गाडी उलार होते. मोटारगाडीसही तोच न्याय. हौशी कारागीर पुष्कळदां सोय म्हणून बॅटरीचे गठ्ठे मागच्या सामानाच्या कप्प्यांत भरतात. त्यामुळें गाडीचें शेपूट जड होतें आणि वळणावर तें बाहेर फेकलें जाऊं पाहतें. स्प्रिंगा, ब्रेक, टायर हे सर्व मूळच्या भारवाटणीस अनुसरून आंखलेले असतात. भाराची जागा बदलली कीं एकेक करून तेही बदलावे लागतात, आणि अखेरीस जुन्या गाडीचा पत्राच तेवढा जुना उरतो.

दुसरी मर्यादा जोराची. पेट्रोलचें इंजिन जागच्या जागीं जोर देऊं शकत नाहीं. तें आधीं फिरत असावें लागतें. म्हणून तर क्लच आणि गिअर यांचा खटाटोप. मोटर मात्र पहिल्या क्षणापासूनच आपला पूर्ण पीळ देते. साठ वर्षांपूर्वींचे दांडे, दांते आणि तारांच्या चाकांचे तुंबे असा झटका रोज सोसण्यासाठीं घडविलेले नव्हते. जग्वारनें या गाडीची शक्ति मुद्दाम आवरून धरली होती, आणि मला तें शहाणपणाचें वाटतें. पांचशें अश्वशक्तीची मोटर आज विकत मिळते म्हणून ती जुन्या सांगाड्यांत कोंबणें ही मर्दुमकी नव्हे.

मग लहानसहान गोष्टी निघतात, आणि खरा वेळ त्याच खातात. इंजिन केवळ गाडी ओढीत नसतें. घरांतील जुन्या गड्याप्रमाणें तें न सांगतां दहा कामें करीत असतें. ब्रेकच्या पायास मदत करणारी निर्वात पोकळी त्याच्या हवा ओढण्यांतून मिळे. आतां तिच्यासाठीं विजेचा निराळा पंप हवा. थंडींत आंत बसणाऱ्यांस ऊब मिळे ती इंजिनाच्या गरम पाण्याची; आतां तिच्यासाठींही वीज खर्च करावी लागते, आणि तेवढें अंतर कमी पडतें. दिवे, भोंगा, कांच पुसणारे हात यांस लागणारी बारा व्होल्टची वीज पूर्वी डायनामो देई. आतां ती मोठ्या बॅटरीच्या शेंकडों व्होल्टांतून उतरवून घ्यावी लागते. पेट्रोलचा कांटा व इंजिनाचे फेरे मोजणारी तबकडी यांस नवें काम शोधावें लागतें. तें शोधलें नाहीं तर समोर मेलेल्या घड्याळासारखे कांटे घेऊन गाडी चालवावी लागते.

बॅटरीसंबंधानें एक गोष्ट गंभीरपणें सांगितली पाहिजे. लिथियमची एक कुपी साडेतीन-पावणेचार व्होल्टांची असते. अशा शंभराच्या आसपास कुप्या एका माळेंत ओंवल्या म्हणजे साडेतीनशें व्होल्टांहून अधिक दाब उत्पन्न होतो. बारा व्होल्टच्या बॅटरीस हात लावण्याची संवय असलेल्या मिस्त्रीचा प्राण या दाबानें सहज जाऊं शकतो. विजेच्या गाड्यांतील अशा जोखमीच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात, त्या याच धोक्याची खूण म्हणून. शिवाय एखादी कुपी अति भरली, चेंगरली किंवा तापली तर ती पेट घेते, तिच्या आंचेनें शेजारची पेटते, आणि ही आग पाण्यानें लवकर आटोक्यांत येत नाहीं. प्रत्येक कुपीच्या दाबावर व उष्णतेवर अखंड नजर ठेवणारी यंत्रणा म्हणूनच अपरिहार्य आहे. अपघातांत मोडलेल्या नव्या विजेच्या गाडीची मोटर व बॅटरी स्वस्तांत घेऊन, ती घरच्या पडवींत जुन्या गाडीस बसविणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या धाडसाचें मला कौतुक आहे. पण या यंत्रणेवर पैसे वांचविणाऱ्याच्या शेजारीं मी घर घेणार नाहीं.

आतां मुख्य वादाकडे येतों. इंजिन गेल्यावर ती गाडी तीच राहिली काय? आपल्याकडे आद्य शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केल्याची कथा प्रसिद्ध आहे. देह राजाचा, प्राण यतीचा. दरबारी मंडळींस राजा परत आला असें वाटलें, परंतु कांहीं चतुर डोळ्यांनीं फरक ओळखला. गाडीच्या बाबतींत निरनिराळ्या सरकारांनीं या प्रश्नास निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. ब्रिटनच्या नोंदणी-खात्यानें पुष्कळ वर्षें एक गुणपद्धति चालविली: सांगाड्यास पांच गुण, स्प्रिंगांची बैठक, आंस, गिअर-व्यवस्था आणि सुकाणू यांस प्रत्येकीं दोन, आणि इंजिनास फक्त एक. सांगाडा मूळचा ठेवून आठ गुण जमले कीं गाडीचा जुना क्रमांक कायम राही. हे नियम २०२५ सालीं बदलले. पण इंजिनास चौदांत एकच गुण, ही कारकुनी दृष्टि मात्र ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांची दृष्टि उलट आहे. पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळते, परंतु ती मूळ स्वरूपांत राखलेली असली पाहिजे. सांगाडा, टप किंवा इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाहीं. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघानेंही, ज्यास फिवा म्हणतात, २०१९ सालीं हेंच मत दिलें. विजेवर केलेली गाडी ऐतिहासिक गाडी म्हणून आपण मानूं शकत नाहीं, असें सांगून संघानें पुढें सल्ला दिला कीं, कोणास हें करावयाचेंच असेल तर बदल परत फिरवितां येईल असा करावा, आणि काढलेला प्रत्येक भाग खूण करून जपून ठेवावा. शंकराचार्यांच्या शिष्यांनीं गुहेंत त्यांचा मूळ देह जपून ठेवला, त्यांतलाच हा प्रकार.

माझें मत याच बाजूस झुकतें, आणि त्याचें कारण केवळ जुन्याचा लोभ हें नाहीं. एक्स-के इंजिन झिजलें तर सिलिंडर पुन्हां तासतां येतात, नवे दट्टे घालतां येतात. चांगला मिस्त्री आणि चांगला लेथ असला म्हणजे झालें. बॅटरी मात्र वापरली न वापरली तरी वर्षानुवर्षें क्षीण होत जाते. वीस-तीस वर्षांनीं तिच्या मापाची दुसरी मिळेल काय, आणि मोटरीवर हुकमत चालविणाऱ्या संगणकाची आज्ञावली दुरुस्त करणारा कोणी उरेल काय, याची हमी आज कोणी देत नाहीं. ज्या गाडीचें मूळ इंजिन भंगारांत गेलें, ती दुहेरी अनाथ होईल.

धूर कमी होतो, हें समर्थनही मला लंगडें वाटतें. अशा गाड्या वर्षाकाठीं थोडेच किलोमीटर चालतात, आणि बॅटरी घडवितांनाही धूर होतोच. लंडन शहरानें धुराच्या गाड्यांवर कर बसविला, त्यांतून चाळीस वर्षांवरील ऐतिहासिक गाड्यांस सूट आहे. त्यापेक्षां खरें समर्थन निराळें आहे. ब्रिटनमध्यें २०२१ सालापासून साध्या पेट्रोलमध्यें दहा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल मिसळलेलें असतें, तें जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या खातें. कार्ब्युरेटर जुळविणारे हात कमी होत चालले आहेत. परिणामी अनेक गाड्या चादरीखालीं निजून आहेत. जिचें इंजिन मुळांतच नष्ट झालें आहे किंवा जिच्या हजारों बहिणी शाबूत आहेत, अशी गाडी विजेवर कां होईना, रस्त्यावर धांवली तर मला आनंदच होईल. ल मान्सला धांवलेल्या गाडीस मात्र कोणी पाना लावूं नये.

जग्वारनें स्वतः हें काम २०१९ सालीं थांबविलें. अॅस्टन मार्टिन कंपनीनें २०१८ च्या डिसेंबरांत १९७० सालच्या एका गाडीवर केलेला प्रयोग परतीच्या दृष्टीनें अधिक सरळ होता. मोटर-बॅटरीची सगळी मांडणी एका पेटींत, आणि ती पेटी इंजिनाच्या व गिअरच्या मूळच्याच आधारांवर बसविलेली. कोठेंही नवें भोंक नाहीं, कापाकापी नाहीं.

परंतु परतीची वाट कागदावर असून भागत नाहीं. काढलेलें इंजिन कोपऱ्यांत टाकून दिलें तर दहा वर्षांत तें परत बसविण्याच्या लायकीचें राहत नाहीं. एक्स-के इंजिनाचें खालचें धड बिडाचें आणि माथा अॅल्युमिनियमचा. दोन धातूंमध्यें जुनें पाणी राहिलें तर गंज माथा खातो. म्हणून तें सर्व काढून टाकावें, कार्ब्युरेटर कोरडे करावे, जुनें तेल बदलावें, प्रत्येक सिलिंडरांत थोडें स्वच्छ तेल सोडून भोंकें बंद करावीं, आणि दर दोन-तीन महिन्यांनीं क्रँकशाफ्ट हातानें कांहीं फेरे फिरवावा, म्हणजे दट्टे चिकटत नाहींत. बोल्ट, कंस, नळ्या यांच्या चिठ्ठ्या लावून पिशव्या कराव्या. ई-टाइपच्या पाटीवर इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो, तोच इंजिनावरही असतो. तो पेटीच्या झांकणावर रंगानें ठळक लिहून ठेवावा, आणि गाडी विकतांना पेटी गाडीबरोबरच द्यावी.